तीन नंबरचा बगळा

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई आमच्या खोलीत आल्या, खांद्यावरचा टॉवेल उशीवर अंथरला, चपला काढल्या आणि आमच्या पलंगावर आडव्या झाल्या. मी दारात चहाचे कप घेऊन उभी. नवरा आरशासमोर दाढी करत होता, त्याने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. सासूबाई छताकडे बघत ओठांतल्या ओठांत काहीतरी मोजत होत्या. मोजून झालं तशा उठल्या, टॉवेल झटकला आणि मला म्हणाल्या, "पंख्याच्या वरच्या अंगाला जाळं आहे. आणि पडदा डावीकडे चार बोटं आखूड शिवलाय."

मी बस डेपोत तिकिटांच्या खिडकीवर बसते. दिवसाला चारशे माणसांशी बोलून माझी जीभ चांगली धारदार झाली आहे. पण त्या दिवशी मी कप हातात घेऊन नुसता तो पडदाच बघत राहिले. त्या गेल्यावर मी नवऱ्याला विचारलं, "हे काय होतं?"

"तपासणी," तो गालावरचा फेस पुसत म्हणाला. "आई सगळीकडे करते. तू मनावर घेऊ नकोस."

मी अर्थातच मनावर घेतलं. चांगलं वर्षभर घेतलं.

सासूबाईंचं काम कळल्यावर हा प्रकार हळूहळू उलगडला. शहरापासून बसने पाच तासांवर एक मोठं तळं आहे, तळ्यापलीकडे डोंगर, आणि अलीकडच्या उतारावर सुट्टीसाठी येणाऱ्या लोकांची चार छोटी घरं. त्यांना नावं नव्हती, नुसते एक ते चार नंबर. सासूबाई चोविसाव्या वर्षी तिथे कामाला लागल्या. तेव्हा सासरे तिथली होडी चालवायचे, आणि माझा नवरा पाळण्यात होता. तिसऱ्याच हिवाळ्यात सासरे न्यूमोनियाने गेले. होडी दुसऱ्याकडे गेली, पण सासूबाई राहिल्या. उताराच्या पायथ्याशी, तळ्याच्या अगदी कडेला, धुण्याच्या शेडला लागून एक खोली होती. त्या खोलीत त्यांनी मुलगा वाढवला आणि अठ्ठावीस वर्षं काढली.

आडवं होऊन मोजायची सवय त्यांना तिथल्या मालकीणबाईंनी लावली. मालकीणबाई म्हणायच्या, "खोली आपण उभ्याने आवरतो, पण पाहुणा ती आडवा होऊन बघतो." पहिल्याच आठवड्यात त्यांनी सासूबाईंना स्वतः झाडलेल्या खोलीत पलंगावर झोपायला लावलं. छताच्या कोपऱ्यात दोन जाळी, दिव्याच्या काचेत मेलेल्या माश्या, आणि कपाटाच्या माथ्यावर कुणाचा तरी जुना मोजा. उभ्याने यातलं काहीच दिसलं नव्हतं. तेव्हापासून प्रत्येक पाहुणा गेला की सासूबाई प्रत्येक पलंगावर आडव्या व्हायच्या, आपलं डोकं उशीला लागू नये म्हणून स्वतःचा टॉवेल खाली घालून, आणि शंभर मोजायच्या. त्याहून एक जास्त नाही. मी हिशेब केला नाही, पण जगातल्या फार थोड्या माणसांनी इतक्या पलंगांवर पाठ टेकली असेल, आणि झोप मात्र एकावरही घेतली नसेल.

चारांत तीन नंबरचं घर सगळ्यात मागणीचं. त्याची खिडकी गुडघ्याएवढ्या उंचीपासून थेट छतापर्यंत होती आणि पलंग तिच्याकडे तोंड करून लावलेला. सूर्य उगवायचा घरांच्या मागे, पण त्याचा पहिला उजेड पडायचा समोर, तळ्यापलीकडच्या डोंगरमाथ्यावर. दहा मिनिटं डोंगर लाल व्हायचा. मग तांबूस, मग नेहमीसारखा करडा. पाहुणे हे सगळं अंगावर पांघरूण असतानाच बघायचे आणि जाताना अभिप्रायाच्या वहीत लिहायचे. सासूबाईंचं वाचन सावकाश होतं, पण वही त्या ओळ न ओळ वाचायच्या. "उशीवरून डोंगर लाल होताना पाहिला. जन्मभर विसरणार नाही." असं पानापानावर. पलंग कुठे सरकवायचा आणि उशी किती उंच ठेवायची हे सासूबाईंनीच ठरवलं होतं, लोकांचे अभिप्राय वाचून वाचून, अंदाजाने. कारण त्यांनी स्वतः तो लाल डोंगर कधी बघितलाच नव्हता.

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला खरं वाटेना. "इतक्या वर्षांत एकदाही नाही?"

"त्या वेळेला मी खाली बंबापाशी असते," सासूबाई म्हणाल्या.

चारही घरांना साडेसहाला कढत पाणी लागायचं. त्यासाठी अंगणातला मोठा बंब पाचला पेटवावा लागे. पाणी तापेपर्यंत त्या आदल्या संध्याकाळी धुतलेल्या चादरी दोरीवर घालत. नंतर घालून चालायचं नाही, कारण दहाच्या सुमाराला तळ्यावरून वारा सुटायचा आणि चादरी झाडांवर जाऊन बसायच्या. म्हणून पहाटे घालायच्या, दहाच्या आत काढायच्या आणि मग वर खोल्या आवरायला जायचं. अंगणासमोर, पाण्याच्या कडेने, दाट झाडांची रांग होती. वरच्या घरांना तिचा अडथळा नव्हता, पण अंगणात उभ्या असलेल्या माणसाला तळं फटीफटीतून दिसायचं आणि डोंगर तर मुळीच दिसायचा नाही. हिवाळा लागून हंगाम संपला की सगळं बंद, गाद्या गुंडाळून माळ्यावर, आणि डोंगर तीन महिने ढगात. ते तीन महिने सासूबाई आमच्याकडे यायच्या, आणि माझ्या पंख्यावरची जाळी मोजायच्या.

तीन नंबरमध्ये भिंतीवर एक छोटं चित्र होतं. पूर्वी कधीतरी येऊन गेलेल्या एका चित्रकाराने काढून तिथेच ठेवून दिलेलं. वर लाल डोंगर, मध्ये तळं, आणि खाली काठाशी एक पांढरा ठिपका, त्याच्या शेजारी एक छोटी काळी रेघ. सासूबाई त्या चित्राची काच चौदा वर्षं पुसत होत्या. पांढरा ठिपका म्हणजे बगळा आणि काळी रेघ म्हणजे पाण्यातला खुंट, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. नुसतं ठरवलं नव्हतं, तर येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला त्या किल्ली देताना सांगायच्या, "पहाटे लवकर उठा, खाली बगळा येतो."

मी नवऱ्याला विचारलं, "तू तिथे वाढलास. बगळा पाहिलायस कधी?"

"बदकं पाहिली. एकदा मुंगूस. बगळा नाही."

"तू पहाटे उठलास कधी?" सासूबाई आतून म्हणाल्या. "वहीत लिहिलंय लोकांनी."

हे मात्र खरं होतं. एका आजोबांनी लिहिलेलं सासूबाईंना पाठ होतं आणि वाद झाला की त्या ते म्हणून दाखवायच्या: "तिन्ही दिवस डोंगर ढगात राहिला. पण रोज पहाटे खाली ते पांढरं दिसायचं आणि सकाळ वाया गेली असं वाटायचं नाही." झालं. यापुढे बोलायची सोय नव्हती. उलट कुणी "बगळा दिसला नाही" असं लिहिलं की सासूबाई म्हणायच्या, उशिरा उठले असतील.

ढगाळ दिवसांचं त्यांना फार लागायचं. इतक्या लांबून माणसं येतात, आणि डोंगर तोंड दाखवत नाही, यात जणू काही त्यांचाच दोष. अशा सकाळी त्या पाण्याची एक बादली जास्तीची चढवायच्या. बासष्ट पायऱ्या होत्या, आणि पाहुणे झोपलेले म्हणून बादल्या मागच्या दाराबाहेर ठेवून तसंच खाली परतायचं.

आमचं पटायचं नाही हे मी आधीच सांगते, नाहीतर पुढे वाचताना तुम्हाला वाटेल मी गुणाची सून आहे. मी कपडे वाळत घातले की त्या मागून येऊन पुन्हा घालायच्या. मी भात केला की झाकण उघडून नुसत्या "हं" म्हणायच्या. त्या "हं"मध्ये काय नव्हतं? मीही काही कमी नव्हते. त्या पलंगावर आडव्या झाल्या की मी मुद्दाम मोठ्याने मोजायला लागायचे आणि त्यांचा आकडा चुकवायचे. नवरा आमच्या मध्ये पडायचा नाही. बसच्या इंजिनाखाली दिवस घालवणारा माणूस तो, त्याला आवाज कुठून येतोय एवढं कळलं की पुरे व्हायचं.

मग एका हिवाळ्यात सासूबाईंना ताप आला. चार दिवस त्या आमच्या पलंगावर होत्या, खऱ्याखुऱ्या झोपलेल्या. पाचव्या दिवशी पहाटे त्यांना घाम येऊन ताप उतरला. मी पाणी तापवलं, तसराळ्यात घेऊन आले आणि त्यांचे हातपाय पुसायला बसले. मला वाटलं, आता पाणी कोमट आहे म्हणतील.

"असं वाटतं होय," त्या म्हणाल्या.

"कसं?"

"आपण पडलेलो, आणि पाणी कुणीतरी दुसऱ्यानं तापवलेलं." मग छताकडे बघत म्हणाल्या, "एकदा तीन नंबरला राहावं असं फार वाटतं गं मला. एकच पहाट. खाली बंब कुणीतरी पेटवलेला असावा, आणि मी वर उशीवरून डोंगर बघावा."

"एवढंच ना? मग एखाद्या दिवशी पायऱ्या चढून बघून यायचा. दहा मिनिटांचं काम."

"उभ्यानं नाही," त्या म्हणाल्या. "उभ्यानं बघितला तर तो कामावरच्या बाईनं बघितल्यासारखा होईल."

मी टॉवेल पिळत राहिले. अठ्ठावीस वर्षं ही बाई एका लाल डोंगरासाठी उशी उंच-सखल करत होती आणि तिच्या मनात हे होतं. माझ्या आईलाही असंच काहीतरी वाटत असेल का, मी तिला कधी विचारलं होतं का, असलं काहीबाही डोक्यात आलं आणि मी उठून तसराळं ओतायला गेले. रडायला मला सासूसमोर आवडत नाही.

पुढच्याच हंगामात बातमी आली. मालकीणबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती, घरं त्यांच्या पुतण्याकडे होती. त्याने ती एका कंपनीला द्यायचं ठरवलं. कंपनी नळाला गरम पाणी आणणार, धुणं यंत्रात धुऊन यंत्रातच वाळवणार, बंब काढून टाकणार. सासूबाईंना आता विश्रांती घ्या म्हणाले. शेवटचे पाहुणे शनिवारी दुपारी जाणार, आणि रविवारी दुपारी कंपनीची माणसं किल्ल्या घ्यायला येणार. मध्ये एक रात्र आणि एक पहाट. माझ्या डोक्यात ते एकदम पक्कं बसलं.

मी पुतण्याला फोन केला. चांगली तयारी करून केला होता, तिकिटाच्या खिडकीवर भांडणाऱ्या माणसाची करतात तशी. तो म्हणाला, "अहो, त्यात विचारायचं काय? मावशी कधीही राहू शकल्या असत्या. आम्ही कधी नको म्हटलं होतं का?"

सासूबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या चादरीची घडी घालत होत्या. "नको कुणी म्हटलं नव्हतं, ते खरं," त्या म्हणाल्या. "पण रहा असंही कुणी म्हटलं नव्हतं."

शनिवारी मी रजा टाकून गेले. नवऱ्याला सुट्टी नव्हती, तो रविवारी सामान न्यायला टेम्पो घेऊन येणार होता. मी पोचले तेव्हा पाहुणे गेले होते आणि सासूबाई तीन नंबर आवरत होत्या. चारही घरांतली वापरलेली अंथरुणं काढून झाली होती, या एका पलंगावर मात्र त्या कोरी चादर घालत होत्या. घातली, कोपरे दुमडले, उशी थोपटली. मग सवयीने खांद्यावरचा टॉवेल उशीवर टाकला, आडव्या झाल्या, आणि शंभर मोजून उठल्या.

"दिव्यामागे जाळं आहे," म्हणून स्टूल आणायला निघाल्या.

मी स्टूल धरून ठेवलं. "आई, आज तुम्ही पाहुण्या आहात. पाहुणे जाळं काढत नाहीत, वहीत लिहून जातात."

त्या जाळ्याकडे बघत राहिल्या. शेवटी ते मी काढलं, आणि त्यांनी खालून सांगितलं, अजून डावीकडे.

संध्याकाळभर त्यांनी मला बंब शिकवला. आधी बारीक काटक्या, मग जाड, खालचं दार अर्धं उघडं, धूर पांढरा झाला की पूर्ण. "अहो, पण वर पाहुणी एकच, तीही तुम्ही. चहाच्या भांड्यात पाणी तापवून आणते की." हे त्यांना मुळीच पटलं नाही. बंब म्हणजे बंब. आणि शेवटच्या पाहुण्यांच्या सहा चादरी धुऊन बादलीत पडल्या होत्या, त्या पहाटेच घालायच्या, कारण दुपारी सगळं मोजून कंपनीच्या हवाली करायचं होतं. चादर कुठल्या कडेने धरायची, चिमटे कुठे लावायचे, सगळं झालं. पालथ्या घड्यावर पाणी आहे हे माहीत असूनही त्या सांगत होत्या, आणि मी ऐकत होते. खरं तर मला फक्त आकाशाची काळजी लागली होती. दुपारपासून तळ्यापलीकडे ढग साठत होते आणि आम्ही दोघी त्याबद्दल एक अक्षर बोलत नव्हतो.

मी खाली त्यांच्या खोलीत झोपले. पाचला उठले. अंगणात राखाडी उजेड होता आणि थंडी अशी की काडी पेटवताना हात ठरेना. बंबाने माझ्या नाकी नऊ आणले. दोनदा विझला, तिसऱ्यांदा पेटला तो सगळा धूर माझ्या तोंडावर सोडत. डोळे पुसत मी चादरी घालायला घेतल्या. ओली चादर इतकी जड असते हे मला माहीत नव्हतं. पहिली जमिनीला टेकली, ती पुन्हा खळबळून घ्यावी लागली. दुसरीपासून हात बसला. सहा घालायच्या होत्या. सासूबाई भर हंगामात रोज सोळा घालायच्या.

समोर झाडांची रांग, त्यांच्या फटींतून शिशासारखं पाणी. डोंगर लाल झाला की नाही, झाला असेल तर आत्ता होतोय की होऊन गेला, मला खाली कळायला काही मार्गच नव्हता. आकाश नुसतं करडं. मी दोन-तीनदा मागे वळून वर पाहिलं. तीन नंबरची खिडकी काळीच दिसत होती. त्या जाग्या आहेत का हेही कळेना. इतक्या वर्षांची सवय, पाचला उठून खुर्चीत बसल्या असतील. की आज पहिल्यांदाच मऊ गादी मिळाली म्हणून घोरत पडल्या असतील? एकच पहाट होती आमच्याकडे, आणि मी तिच्याकडे पाठ करून चादरी घालत होते. तेव्हा मला कळलं, त्यांचं रोजचं काय होतं ते.

साडेसहाला बादली भरली आणि बासष्ट पायऱ्या चढले. दार लोटलं. सासूबाई पलंगावर होत्या, पांघरूण गळ्यापर्यंत ओढलेलं, दोन्ही हात पांघरुणावर. डोक्याखाली टॉवेल नव्हता, तो खुर्चीवर घडी करून ठेवला होता. डोळे उघडे. मी खिडकीकडे पाहिलं. पलीकडचा काठसुद्धा दिसत नव्हता. पाण्यापासून वर सगळा ढग. डोंगर नावाची गोष्ट तिथे कधी होती असं वाटू नये, इतका दाट.

"आई," मी म्हणाले. "अजून जरा वेळ बघू या. उघडेल."

"नाही उघडायचा," त्या म्हणाल्या. "हा ढग मला माहिताय. आता दोन दिवस बसेल."

मी बादली खाली ठेवली. इतका राग मला आयुष्यात कुणाचा आला नव्हता, आणि तो काढायचा कुणावर? ढगावर?

"बगळा दिसला," सासूबाई म्हणाल्या.

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी कानांकडे चाललं होतं आणि तोंड हसत होतं.

"इकडे ये. आडवी हो. तशी नाही, डोकं उशीवर टेकव."

मी बंबाच्या राखेने भरलेली होते. धुरकट केसांनी त्या कोऱ्या उशीवर टेकायला मला कसंतरीच झालं, पण टेकले. आम्ही दोघी शेजारी शेजारी पडलो. खिडकीच्या खालच्या कडेशी, झाडांच्या रांगेच्या अलीकडे, अंगण दिसत होतं. एवढंसं. बाकी सगळं करडं असताना त्यात एकच गोष्ट पांढरीशुभ्र होती: दोरीवरच्या चादरी. इथून झाडांची रांग आणि पाण्याचा काठ एकच वाटत होता, त्यामुळे त्या पाण्यातच उभ्या आहेत असं दिसत होतं. मी मान वळवून भिंतीवरच्या चित्राकडे पाहिलं. मग पुन्हा खिडकीकडे.

"चौदा वर्षं काच पुसली मी त्याची," सासूबाई म्हणाल्या. "काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी या खोलीत यायचे तोवर चादरी काढलेल्या असायच्या. अंगण इथून दिसतं हे माहीत होतं गं. पण अंगणात बघण्यासारखं काय असतं?"

"आणि ती काळी रेघ?"

"ती आत्ता तू होतीस. दोनदा खाली बसलीस, चादर उचलायला. मळवलीस ना पहिली?"

"खळबळून घेतली."

"दिसलं." मग अगदी हळू म्हणाल्या, "मी स्वतःला खुंट म्हणत होते, बघ. लोकांना सांगत होते, तो खुंट आहे."

मी त्यांचा हात धरला, आणि त्यांनी तो धरू दिला. आमच्यात असं कधी झालं नव्हतं.

"ढग असला की मला वाटायचं, बिचारे वर काय बघत असतील," त्या म्हणाल्या. "मला त्याचा फार घोर असायचा." मग त्यांनी त्या आजोबांचं वहीतलं वाक्य पुन्हा म्हटलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, वाद घालायला नव्हे, नुसतंच. सकाळ वाया गेली असं वाटायचं नाही.

मग त्या उठल्या, तोंड धुवायला मी आणलेलं कढत पाणी घेतलं, आणि बोट घालून म्हणाल्या, "जरा कोमट आहे."

दहा वाजता वारा सुटायच्या आत आम्ही चादरी काढल्या. दुपारी कंपनीची माणसं आली. सासूबाईंनी किल्ल्या दिल्या, चादरी मोजून दिल्या, आणि स्वतःसाठी एकच गोष्ट मागितली, ते चित्र. कंपनीच्या माणसाने त्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं आणि घेऊन जा म्हणाला. टेम्पोत त्या ते मांडीवर घेऊन बसल्या. नवऱ्याने विचारलं, "मग, दिसला का डोंगर?" सासूबाई म्हणाल्या, "डोंगर काय, कुणालाही दिसतो."

त्यानंतर दोन वर्षं आणि चार महिने त्या आमच्याकडे होत्या. पटायचं नाहीच. कपडे त्या पुन्हा घालायच्याच, आणि भाताला "हं" म्हणायच्याच. फक्त मी पहाटे पाणी तापवून नेऊन द्यायचे आणि त्या ते मुकाट्याने घ्यायच्या. गेल्या त्याही पहाटेच. तसराळं माझ्या हातात होतं.

आता दर रविवारी घर आवरलं की मी पलंगावर आडवी होते, टॉवेल खाली घालून, आणि शंभर मोजते. पंख्यावर जाळं असतं, ते दिसतं. पण मोजताना मध्येच कुणी आकडा चुकवत नाही, आणि जाळं काढल्यावर अजून डावीकडे म्हणून कुणी सांगत नाही. मला त्यांची इतकी आठवण येईल असं तेव्हा कुणी म्हटलं असतं तर मी त्याला खिडकीवरून हाकलून दिलं असतं. चित्र समोरच्या भिंतीवर आहे, उशीवरून नीट दिसेल अशा उंचीवर. ती उंची ठरवायला मला तीनदा खिळा काढावा लागला.

नवरा अधूनमधून म्हणतो, एकदा जाऊन राहू या तिथे, पाहुणे म्हणून, तीन नंबरलाच. आईचं राहिलं, आपण तरी लाल डोंगर बघू. मी म्हणते, जाऊ की. तो तारखा काढतो, आणि मी काहीतरी निमित्त सांगते. डोंगर दिसेल, ते मला माहीत आहे. पण ढग असला तर? त्या पहाटे उशीवर पडून मी खाली बघीन, आणि अंगणात कुणी नसेल.